निळे भगवानराव आणि दगडाबाईंची म्हैस

पालमच्या बसस्टँडवरून बाजाराकडे वळलात की डाव्या हाताला 'शिवार्पण आर्ट्स' नावाचं दुकान लागतं. आत टेबलावर जाड कडांचा, एका कोपऱ्यात टवका उडालेला चौकोनी पडदा दिसेल. मित्रांनो, तो पडदा म्हणजे मी. मी एक जुना मॉनिटर आहे. वर्गातला नव्हे. वर्गातल्या मॉनिटरला पोरं घाबरतात. मला कुणीच घाबरत नाही.

माझा जन्म कुठे झाला ते मला ठाऊक नाही. माझ्या पाठीवर एक कागद चिकटवलेला होता आणि त्यावर सगळं लिहिलेलं होतं. पण स्वतःच्या पाठीवरचं कुणाला वाचता येतं? एवढं मात्र आठवतं, की कारखान्यातल्या एका पट्ट्यावरून आम्ही शेकडो भावंडं रांगेनं पुढे सरकत होतो. शेवटी एक बाई प्रत्येकाला लाल, हिरवा आणि निळा रंग दाखवायला लावत होती. मी तिन्ही रंग स्वच्छ दाखवले. तिनं मान डोलावली. हे मुद्दाम सांगतो. कारण पुढे माझी जी बदनामी झाली ती ऐकून तुम्हांला वाटेल की मी मुळातच ढ होतो.

परभणीच्या एका कचेरीत मी आठ वर्षं नुसती पत्रं आणि तक्ते दाखवले. त्या आठ वर्षांत माझ्यावर एकही चित्र उमटलं नाही. मग तिथे नवे, पातळ पडदे आले आणि मला माळ्यावर टाकलं. तिथून मला शिवलिंगअप्पांनी उचललं. एस.टी.त मला मांडीवर घेऊन ते पालमला आले. वाटेत प्रत्येक खड्ड्याला ते माझ्यावर असे वाकायचे, जणू मी पाळण्यातलं मूल आहे.

अप्पा मूळचे पेंटर. हातात ब्रश घेतला की दुकानाची पाटी असो, शाळेची भिंत असो, नाहीतर पोळ्याच्या बैलाची शिंगं असोत, एका दमात रंगवून मोकळे. पुढे फ्लेक्सचा जमाना आला. हातानं रंगवलेली पाटी कुणी मागेना. अप्पांनी ब्रश धुतले, कोरडे केले, पत्र्याच्या डब्यात घातले आणि डबा फळीवर ठेवून दिला. मग मला आणलं. ब्रश गेल्याचं दुःख त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. ते दुःख त्यांनी फ्लेक्समध्ये भरलं. म्हणजे अक्षरशः भरलं. कोपऱ्यात बोटभर जागा दिसली की ते तिथे एक मोर टाकत. मोर बसला नाही तर कमळ.

"रिकामी जागा म्हंजे पडीक जमीन," असं त्यांचं ठाम मत होतं.

त्यांची लेक महेश्वरी नांदेडला डिझाइन शिकून आली आणि माझ्यासमोर बसू लागली. तिचं मत अगदी उलटं होतं. दर सोमवारी सकाळी तिला दूर देशातून एक पत्र यायचं. कुणी जाणकार बाई आठवडाभर जगातली चांगली चित्रं, चांगली अक्षरं, चांगल्या वेबसाइट गोळा करून पाठवायच्या आणि शेवटी एक कल्पना द्यायच्या. या आठवड्यात एवढं करून बघा, असं. ते पत्र माझ्यावर उघडायचं. महेश्वरी ते चहा गार होईपर्यंत वाचायची.

अप्पा त्याला सोमवारची पोथी म्हणायचे.

"आली का पोथी? आज काय सांगितलंय तुझ्या बाईनं?"

"अप्पा, अक्षरांना श्वास घेऊ द्या म्हणतात."

"का? दमा झालाय व्हय त्यांना?"

पोथीत जे सांगितलं असेल ते महेश्वरी त्या आठवड्याच्या पहिल्या गिऱ्हाइकावर करून बघायची. एकदा 'दोनच रंग' असं आलं. तिनं दोन रंगांत सुरेख लग्नपत्रिका केली. नवरीच्या मामांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि हळूच विचारलं, "शाई सरली का?" एकदा 'बटण एवढं मोठं करा की त्यावर अंगठा बसेल' असं आलं. तेव्हा सेलूच्या एका सरकीवाल्या व्यापाऱ्याची वेबसाइट चालू होती. तिनं स्वच्छ पान केलं, वर दुकानाचं नाव आणि खाली फोनचं एक मोठं बटण. व्यापारी बराच वेळ माझ्याकडे बघत बसला. मग म्हणाला, "छान हाय. बाकीचं कधी येणार?"

आता माझ्या आजाराबद्दल सांगतो. पालमला आल्यापासून मी जरा पिवळा दिसायचो. पांढरा रंग माझ्यावर जुन्या कागदासारखा उमटायचा. महेश्वरीला वाटायचं फोटोच पिवळट आहे. मग ती त्यात थोडा निळा मिसळायची. माझ्यावर ते झकास दिसायचं, आणि छापून आलं की माणसं गारठल्यासारखी दिसायची. भर उन्हाळ्यातल्या लग्नाच्या फ्लेक्सवर नवरा-नवरी कुडकुडताना दिसत. पण सगळेच सारखे निळे असले की कुणाच्या लक्षात येत नाही. मला कळत होतं. पण मित्रांनो, मी दाखवू शकतो, बोलू शकत नाही.

तर त्या वर्षी भगवानरावांची एकसष्टी आली. भगवानराव हे पालममधलं मोठं प्रस्थ. पद कुठलंच नव्हतं, पण प्रत्येक पदाची तयारी होती. त्या सोमवारच्या पोथीत 'एकच चेहरा, बाकी मोकळं आभाळ' असं आलं होतं. महेश्वरीनं भगवानरावांचा एकच फोटो घेतला, शेजारी नाव लिहिलं आणि उरलेला फ्लेक्स रिकामा सोडला.

भगवानराव माझ्यासमोर उभे राहिले. त्यांनी मिशीवरून बोट फिरवलं. "मी लय मोठा दिसायलोय की गं," ते म्हणाले. महेश्वरीचा चेहरा उजळला. तेवढ्यात मागून त्यांच्या मंडळींपैकी एकानं विचारलं, "आन् आमी कुठं हाव?"

त्या एका प्रश्नानं मोकळं आभाळ भरून गेलं. संध्याकाळपर्यंत माझ्यावर बेचाळीस शुभेच्छुक जमले. अप्पांनी उरलेल्या जागेत दोन मोर बसवले. दहा फुटी फ्लेक्स वाढून वीस फुटी झाला आणि बाजाराच्या तोंडाशी लागला. दोऱ्या अप्पांनी स्वतः बांधल्या.

बाजाराच्या दिवशी दुपारी वारं सुटलं. दोऱ्या तुटल्या. फ्लेक्स शिडासारखा फुगला, बाजारावरून तरंगत गेला आणि एका म्हशीच्या अंगावर जाऊन बसला. म्हैस बिचकली, दावं तोडून उधळली, आणि भगवानरावांसह बेचाळीस शुभेच्छुक पांघरून पालमच्या बाहेर गेली. लोकांनी पाठलाग केला. मैलभरावर ओढ्यात फ्लेक्स सापडला. भगवानरावांच्या कपाळाला शिंगानं आरपार भोक पडलं होतं. म्हैस मात्र सापडली नाही.

ती म्हैस दगडाबाईंची होती. दगडाबाई साठीच्या. घरात त्या आणि म्हैस, तिसरं कुणी नाही. त्यांचा आवाज असा, की रस्त्यावरून त्यांनी हाक मारली तर चालता ट्रॅक्टर थांबायचा. त्या दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात आल्या आणि स्टुलावर बसल्या. महेश्वरीला पुढे वाकून ऐकावं लागलं, एवढा त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"गाभण हाय गं माय माझी चांदणी. दिवस भरत आलेत. कालच दवाखान्यात दावून आणली. डॉक्टर म्हनले, रेडकू आडवं हाय, टायमाला मला बोलवा, न्हाई तर दोघं बी जातील. आन् आता तिचाच पत्ता न्हाई."

अप्पा दाराशी उभे होते. दोऱ्या त्यांच्या हातच्या होत्या.

तेवढ्यात भगवानराव आले. फ्लेक्स त्यांचा असल्यामुळे त्यांनाही घरात बसवत नव्हतं. "शोधमोहीम माझ्याकडं लागली," त्यांनी जाहीर केलं. "अप्पा, मोठा फ्लेक्स करा. सगळीकडं बोंब झाली पाहिजे. आन् माझा फोटो टाका, म्हंजी लोक मनावर घेतील."

"फोटो म्हशीचा पाहिजे ना, काका?" महेश्वरी म्हणाली.

"तो बी टाक की. जागा हाय न्हवं का?"

म्हशीचा फोटो एकच होता. दगडाबाईंच्या भाचीच्या लग्नात काढलेला. त्यात नवरदेव हसत उभा होता आणि त्याच्या खांद्यामागून म्हशीचं अर्धं तोंड दिसत होतं. शिंगं फेट्याच्या आड गेली होती. महेश्वरी पुन्हा पुन्हा सांगत होती की हे चुकतंय. पण अप्पांची मान खाली गेली होती. भगवानराव म्हणतील त्याला ते 'हो' म्हणत होते. अपराधी माणसाला डिझाइन सुचत नाही, हे मी त्या दिवशी पाहिलं.

छापून यायला रविवार उजाडला, आणि फ्लेक्स बसस्टँडसमोर लागला. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'आपण यांना पाहिलंत का?' त्याच्या बरोब्बर खाली, अर्धा फ्लेक्स व्यापून, हात जोडलेले भगवानराव. उजवीकडे शोधमोहिमेचे कार्यकर्ते, ओळीनं. आणि अगदी तळाशी, दगडाबाईंच्या फोन नंबरच्या वर, उंदराएवढी म्हैस.

त्यात माझा आजार. बेचाळीस जणांत वाटलेला निळा रंग या वेळी एकट्या भगवानरावांच्या वाट्याला आला होता. नीळ जास्त झालेल्या धोतरासारखे ते दिसत होते.

तासाभरात दगडाबाईंना पहिला फोन आला. त्या दुकानातच बसलेल्या होत्या, म्हणून मी सगळं ऐकलं.

"बाई, सापडले! हितं हाटेलात च्या प्यायलेत. धरून ठिवू का?"

"कोन?"

"अवो, तुमचे फोटोतले!"

"धरू नगा," दगडाबाई म्हणाल्या. "पिऊ द्या त्यांना. मला म्हातारा नको, म्हैस पाहिजे."

दुसरा फोन गंगाखेडहून. एका बाईंनी हुंदके देत विचारलं, की भगवानराव घरातून कधी गेले आणि जाताना काही बोलले का. तिसऱ्यानं काळजीनं चौकशी केली, "तोंड निळं पडलंय, पान लागलं व्हतं का?" साप चावला का, असं त्याला विचारायचं होतं. आणि दुपारी खुद्द भगवानराव बसस्टँडवर उभे असताना एका अनोळखी गृहस्थानं त्यांचा हात घट्ट धरला. "चला बाबा," तो प्रेमानं म्हणाला, "घरी दगडाबाई वाट बघायल्यात."

भगवानराव दुकानात आले तेव्हा त्यांचा चेहरा निळा नव्हता, लाल होता.

"अप्पा! उभ्या गावात मी हरवलो की हो!"

महेश्वरीनं त्यांचा छापलेला फोटो घेतला आणि माझ्यावरच्या फोटोशेजारी धरला. माझ्यावर भगवानराव गहूवर्णी. कागदावर निळे. तिनं एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. मग दुकानातल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मित्रांनो, इतकी माणसं एकाच वेळी माझ्याकडे बघत होती, आणि मला काचेआड तोंड लपवायलाही जागा नव्हती.

"हे डबडं भंगारात घाला," अप्पा म्हणाले.

महेश्वरीनं मला भंगारात घालू दिलं नाही. नवा पडदा परभणीहून येणार, त्यात दोन दिवस जाणार, आणि दगडाबाईंकडे दोन दिवस नव्हते. म्हैस हरवून चार दिवस झाले होते.

दुसऱ्या दिवशी सोमवार. पोथी आली. महेश्वरीनं ती वाचली आणि या वेळी चहाला हातही लावला नाही. त्या आठवड्याची कल्पना होती, 'असा एकच आकार शोधा, जो नाव वाचण्याआधी ओळखू येईल.'

ती उठली आणि दगडाबाईंसमोर जाऊन बसली. "मावशी, दुरून, शंभर म्हशींत तुम्ही चांदणीला कशावरून ओळखता?"

गेल्या चार दिवसांत दगडाबाईंना हे कुणीच विचारलं नव्हतं. त्या उठल्या. त्यांनी डावा हात वर आभाळाकडे वळवला आणि उजवा हात खाली, कानामागून जमिनीकडे. तशाच उभ्या राहिल्या.

"अशी," त्या म्हणाल्या. "येक शिंग वर, येक खाली. आख्ख्या तालुक्यात तशी दुसरी न्हाई."

महेश्वरी माझ्यासमोर बसली आणि माऊसनं ती शिंगं काढू लागली. पहिलं चित्र सायकलच्या हँडलसारखं झालं. दुसरं मिशीसारखं. तिसरं पाहून दगडाबाईंनी विचारलं, "ही म्हैस हाय का बाभूळ?" महेश्वरीनं पुसलं, पुन्हा काढलं, पुन्हा पुसलं. तिचे डोळे भरून आले. मी जीव तोडून प्रत्येक रेघ दाखवत होतो, पण रेघ मुळात माझ्या हातात नसते.

अप्पा मघापासून मागे उभे होते. ते फळीकडे गेले. पत्र्याचा डबा उघडल्याचा आवाज आला. मग त्यांनी ओढ्यातून आणलेला तो फाटका फ्लेक्स जमिनीवर पालथा अंथरला. मागची बाजू कोरी होती.

"दगडाबाई, हात पुन्हा तसेच धरा," ते म्हणाले.

दगडाबाईंनी हात धरले. अप्पांनी काळ्या रंगात ब्रश बुडवला, क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि एक रेघ वर ओढली. एक खाली. मध्ये कपाळाचा नुसता एक वळसा. बस्स. ब्रश दोनदा टेकला आणि दोनदा उचलला.

दगडाबाईंनी तोंडावर पदर धरला. "चांदणे," त्या म्हणाल्या, "कुठं गेलीस गं माय!"

महेश्वरीनं त्या चित्राचा फोटो काढून माझ्यावर आणला. पांढऱ्यावर काळी शिंगं. ना चेहरा, ना रंग. मागचा पांढरा पिवळट दिसला तरी त्या काळ्या रेघांत माझ्या आजाराला शिरायला फटच नव्हती. पालमला आल्यापासून पहिल्यांदा मी एखादी गोष्ट जशीच्या तशी दाखवत होतो.

तिनं शिंगांखाली 'म्हैस दिसली?' असं लिहिलं आणि तळाशी फोन नंबर, ठळक. मधली जागा मोकळी राहिली. अप्पा त्या मोकळ्या जागेकडे बघत उभे होते. त्यांचा हात हलला. महेश्वरीनं श्वास रोखला. मला वाटलं, आला आता मोर.

"खाली एवढी जागा..." अप्पा पुटपुटले. मग त्यांनी ब्रश पाण्याच्या डब्यात ठेवला. "ऱ्हाऊ दे. म्हशीला चरायला होईल."

दोनशे कागद छापले. शिवाय महेश्वरीनं तासाभरात एक वेबसाइट केली. एकच पान. वर शिंगं, खाली अंगठा बसेल एवढं हिरवं बटण, 'फोन लावा'. ते दाबलं की थेट दगडाबाईंना फोन. भगवानरावांनी ते पान त्यांच्या ओळखीच्या प्रत्येक माणसाला पाठवलं. अशा माणसांची संख्या मोठी होती. त्यांनी स्वतःचा फोटो घाला म्हणून एकदाही सांगितलं नाही. फक्त विचारलं, "शोधमोहीम प्रमुख असं बारीक अक्षरात..." आणि महेश्वरीनं नुसतं पाहिल्यावर वाक्य तिथेच सोडलं.

दगडाबाई पिठाची खळ डब्यात घेऊन एस.टी.त बसल्या. प्रत्येक गावी उतरल्या आणि पार, गिरणी, दूध डेअरी, जिथे भिंत दिसेल तिथे शिंगं चिकटवत गेल्या. तो सोमवार गेला. मंगळवार गेला. फोन आला नाही.

बुधवारी दगडाबाई दुकानात आल्या आणि स्टुलावर बसल्या. त्यांच्या नखांत वाळलेली खळ होती. साडेअकराच्या सुमारास फोन वाजला. महेश्वरीनं तो उचलून स्पीकरवर लावला.

"कोन बोलायलंय?" पलीकडून एका म्हाताऱ्या बाईंचा आवाज आला. "मी कडूबाई, राणीसावरगावची. ती वर-खाली शिंगांची म्हैस तुमची का?"

"व्हय, व्हय!"

"आमच्या कडब्याच्या गंजीमागं परवापासून येऊन बसायली. मी म्हनलं, आसंल कुनाची, पानी पाजीत व्हते. आज गिरणीत दळण न्यायला गेले, तर भितीवर हीच की! मला वाचाया येत न्हाई बाई, पण शिंगं वाचता येतात. गिरणीवाल्याची प्रियांका हाय, तिनं फोनमदी बी तेच चित्र दावलं. हिरव्यावर म्याच आंगठा ठिवला. बरं, बोलत बसू नगा. जल्दी या. तिला कळा सुरू झाल्यात."

दगडाबाई उठल्या आणि त्यांचा जुना आवाज परत आला. "भगवानराऽऽव!" समोरच्या हॉटेलात भगवानरावांच्या हातातला कप बशीत पडला. त्यांनी जीप काढली. गुरांच्या डॉक्टरांना त्यांनी दवाखान्यातून जवळजवळ उचलूनच आणलं. जीप धूळ उडवत गेली.

दुकानात आम्ही तिघं राहिलो. अप्पा, महेश्वरी आणि मी. त्या दुपारी एक गिऱ्हाईक पत्रिका करायला आलं, अप्पांनी त्याला उद्या यायला सांगितलं. महेश्वरीनं मला बंद केलं नाही. माझ्यावर ती शिंगं तशीच होती. बाप आणि लेक शेजारी शेजारी बसून माझ्याकडे बघत होते, जणू बातमी माझ्यावरच उमटणार आहे.

"अप्पा," महेश्वरी म्हणाली, "दोऱ्यांचं मनाला लावून घेऊ नका. वारं होतं."

"वारं व्हतं खरं," अप्पा म्हणाले. "पण बेचाळीस माणसांचा भार बी व्हता. तुझा पहिला फ्लेक्स निम्मा लहान व्हता. तो बसला असता जागच्या जागी." थोड्या वेळानं ते म्हणाले, "तुझ्या त्या बाईला मराठी येतं का?"

"नाही."

"मग तूच कळव. म्हनावं, शिवलिंगअप्पांनी नमस्कार सांगितलाय."

पावणेतीनला फोन आला. भगवानराव होते. धाप लागल्यामुळे त्यांना बोलताही येत नव्हतं. "पारडी झाली! डॉक्टर म्हनले वढा, मी वढलं. दोघी बी खुशाल हायत. माझा नवा सदरा पार गेला बघा." मागून दगडाबाईंच्या रडण्याचा आणि हसण्याचा आवाज एकदमच येत होता.

अप्पांनी डोळे पुसले आणि दुकानात फार धूळ झालीय म्हणाले.

त्यानंतर काही आठवडे आमच्याकडे विचित्र गर्दी झाली. ज्याला त्याला एकच आकार हवा होता. एकानं फ्लेक्सवर फक्त आपली मिशी मागितली. एका हॉटेलवाल्यानं नुसतं भजं काढून घेतलं. ते इतकं साधं होतं की लोकांना तो दगड वाटला आणि ते खाणीचं ऑफिस समजून आत शिरू लागले. तेव्हा महेश्वरीलाच सांगावं लागलं, की प्रत्येकाला शिंगं नसतात. आता प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी स्टुलावर बसवतात, आणि दुरून तुम्हांला लोक कशावरून ओळखतात, असं विचारतात. कुणी लगेच सांगतं. कुणी घरी विचारून येतो म्हणून जातं.

माझंही नशीब उघडलं. मला भंगारात घालण्याआधी एकदा दाखवू तरी, म्हणून महेश्वरीनं सेलूहून महारुद्र नावाच्या मेकॅनिकला बोलावलं. त्यानं माझ्या काचेकडे पाहिलंही नाही. मागची वायर काढली, तिच्या तोंडात डोकावला आणि हसायला लागला.

"ह्यात बारक्या बारक्या पिना असतात. त्यातली निळ्या रंगाची वाकडी हाय, जेमतेम टेकायली. कधीपासून पिवळं दिसायलंय हे?"

"तीन वर्षं झाली," महेश्वरी म्हणाली.

"तीन वर्षं! आन् कुनी मागं बघितलंच न्हाई?"

त्यानं खिशातली टाचणी काढली, पिन सरळ केली, वायर लावली. सगळा खेळ एका मिनिटाचा. माझ्यावर स्वच्छ पांढरा उजेड पडला. अप्पांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाले, "बिघडवलास तू. आता निळं दिसायलंय." त्यांच्या डोळ्यांना सरळ व्हायला आठवडा लागला.

पारडीच्या पाचवीलाच दगडाबाई खरवस घेऊन आल्या. अप्पांना दिला, महेश्वरीला दिला. मग ताटातलं कुंकू घेऊन त्या माझ्यापुढे आल्या. "ह्यानं बी लय सोसलं," असं म्हणून त्यांनी माझ्या काचेच्या बरोब्बर मध्यभागी बोट टेकवलं. महेश्वरीनं फडकं उचललं होतं, ते तिनं खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तात्याराव नावाचे एक गृहस्थ आले. त्यांना व्हिजिटिंग कार्ड हवं होतं. महेश्वरीनं त्यांचं नाव लिहिलं, खाली पत्ता लिहिला, आणि मला त्यांच्याकडे वळवलं. तात्यारावांनी चष्मा लावून नीट पाहिलं. ते खूश झाले. "बाकी राहू दे," ते म्हणाले, "पण मधला तो लाल ठिपका लय भारी सुचलाय तुला. तो काढू नको."

महेश्वरीनं अप्पांकडे पाहिलं. अप्पा छताकडे पाहत होते. तिनं कार्डावर खरंच तसा ठिपका टाकला.

तर मित्रांनो, तुमच्याकडे कुणी आजारी मॉनिटर, मिक्सर किंवा माणूस असेल, तर त्याला भंगारात घालण्याआधी एकदा मागे जाऊन बघा. बहुतेक वेळा टाचणीचं काम असतं. आणि आमच्या दुकानात आलात तर माझी काच कोरड्या, मऊ फडक्यानं पुसा. फक्त मध्यभागी पुसू नका. तात्यारावांची कार्डं संपली आहेत आणि त्यांनी अजून एक हजार मागवली आहेत.